रिमोट कुणाकडे बघून दाबायचा

मागच्या लग्नसराईत नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. एसी हॉल, ऐसपैस स्टेज, आणि नवरीची आजी पहिल्या रांगेत, त्यांच्यासाठी मुद्दाम आणून ठेवलेल्या गादीच्या खुर्चीत. मी शेजारी. गुडघ्यांमुळे त्यांना फार उभं राहवत नाही, पण मंगलाष्टकं सुरू झाली तशा काठीवर भार देऊन उठल्याच, मी म्हटलं बसा आजी तुम्ही, तर नुसती मान हलवली. डाव्या हातात काठी आणि उजव्या मुठीत अक्षता. प्रत्येक सावधानला चार दाणे टाकायचे आणि बाकीच्या शेवटच्यासाठी राखून ठेवायच्या असं चाललं होतं त्यांचं, जुन्या बायका करतात तसं. नवरीच्या आत्याने स्वतः रचलेलं अष्टक म्हटलं, त्यात गेलेल्या आजोबांचं नाव ओवलेलं होतं, तेव्हा आजींचे डोळे भरून आले. मग गुरुजींनी तदेव लग्नं हे शेवटचं अष्टक सुरू केलं. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत स्टेजच्या कडेने पांढरा धूर भसाभस वर आला, दोन्ही बाजूंनी कोल्ड पायरोची, म्हणजे मशीनमधून उडणाऱ्या ठिणग्यांची, कारंजी उडाली, डीजेने सनई सोडली, मागच्या लोकांना वाटलं लागलं लग्न, त्यांनी टाळ्या वाजवल्या, उरलेल्या अक्षता उधळल्या, काही जण तर जेवणाच्या दिशेने वळले पण. गुरुजींचा आवाज मधूनमधून ऐकू येत होता, म्हणजे ते अजून म्हणतच होते. आजी मला विचारत होत्या, "झालं का गं? अंतरपाट निघाला का?" आणि मला सांगता येईना, कारण मलाही काहीच दिसत नव्हतं. धूर खाली बसला तेव्हा दोघांच्या गळ्यात हार होते.

आजींनी मूठ उघडलीच नाही. नंतर पंगतीत पाहिलं तर अक्षता पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेल्या आणि तळहात कुंकवाने लाल झालेला.

त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते अजून डाचतंय.

जेवण झाल्यावर ते मशीनवाले कुठे बसलेत ते बघायला मी मुद्दाम गेले. भांडायला नव्हे, मला खरंच कळून घ्यायचं होतं की हे ठरतं कसं. स्टेजच्या डाव्या अंगाला स्पीकरची उतरंड होती, तिच्यामागे एक विशीतला मुलगा वायरी गुंडाळत बसला होता, बोटांना करडी पूड लागलेली. त्याला विचारलं, बटण कधी दाबायचं हे तुला कसं कळतं रे? म्हणाला, "फोटोग्राफर हात वर करतो ना मॅडम, तेव्हा दाबायचं." तो जिथे बसला होता तिथून अंतरपाट दिसतच नव्हता, मी त्याच्या जागी उभी राहून पाहिलं, फक्त स्पीकरची पाठ आणि फुलांच्या कमानीची एक कड. त्याला सांगितलेलं काय, तर शेवटच्या मंगलाष्टकाला इफेक्ट द्यायचा. आता शेवटचं कुठलं हे त्याने कसं ओळखायचं? मावशी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांची आपापली अष्टकं, कुठल्या लग्नात पाच होतात कुठल्या लग्नात अकरा. त्यानेच उलट मला विचारलं, "काही चुकलं का आमचं?" चांगल्या मनाचा पोरगा होता. त्याचं काही चुकलेलं नव्हतं, त्याला गुरुजींकडे बघ असं कुणी सांगितलेलंच नव्हतं.

या सगळ्याला थेर म्हणून नाक मुरडणारी मी नाही. मला लग्नातला झगमगाट मनापासून आवडतो, लहानपणापासून. आमचं आजोळ देवरुखजवळ, तिथल्या वराती आठवल्या की आधी गॅसबत्त्यांचा तो सूं सूं आवाज कानात येतो. डोक्यावर बत्त्या घेतलेली माणसं दोन्ही बाजूंनी रांगेने चालायची, त्या पांढऱ्या उजेडात लाल माती वेगळीच दिसायची, मध्ये बँड, आणि चौकात वरात थांबली की भुईनळे लावायचे. भुईनळा पेटला की क्षणभर नवऱ्याचा फेटा, घोड्याचे कान, माडीवरून वाकून बघणाऱ्या बायकांचे चेहरे सगळं सोनेरी. आम्ही पोरं शोभेच्या दारूचा तो करपट वास नाकात भरून घ्यायचो. त्याहीआधी नळे, चंद्रज्योती होत्या, लग्नातल्या आतषबाजीचे उल्लेख तर पेशवाईच्याही आधीपासून आहेत. सवाई माधवरावांचं लग्न १७८३ सालचं, त्याच्या बारीकसारीक व्यवस्थेची नाना फडणविसांची याद प्रसिद्धच आहे. तेव्हा आजच्या पोरांनी कोल्ड पायरो लावला तर परंपरा बुडाली असं मी कशाला म्हणू. कारंजी आवडणं हे आपल्यात पूर्वीपासूनच आहे.

पण आजोळच्या त्या वरातीतला भुईनळा मांडवात कधी आला नाही. तो वेशीवर, चौकात, दारात. मांडवात दुसरे इफेक्ट असायचे आणि ते विधीचेच असायचे. अंतरपाटच बघा ना. दोन माणसांनी धरलेला एक पंचा, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, त्याच्या अलीकडे ती पाटावर उभी, पलीकडे तो, मागे मामा. इतक्या जवळ उभी असून दोघं एकमेकांना दिसत नाहीत, आणि सगळा गाव बघत असतो तो पडदा कधी सरतो ते. मंगलाष्टकाच्या चालीतच ती वाट बघणं आहे, शार्दूलविक्रीडित वृत्त, एका चरणात १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर जरा थांबायचं आणि मग उरलेली सात, त्या थांब्यावर अख्खा मांडव श्वास धरतो. मग एकदम आवाज, अक्षता, वाजंत्री, आणि तो पंचा उत्तरेकडे ओढून घेतलेला. याच्यात आणखी काही घालायचं असेल तर ते त्या थांब्याला धरून घालावं लागेल, त्याच्यावर चढून नाही.

आणि हे वाजवायचं कधी, याची व्यवस्था तेव्हाही होती. आजोळी माझे एक मामा हे काम करायचे. मांडवाच्या खांबाशी उभे, एक डोळा गुरुजींवर, एक बाहेर बसलेल्या वाजंत्र्यांवर, हातात उपरणं. प्रत्येक अष्टकाला वाजंत्री नुसती तयारीत बसायची, ताशावाल्याच्या काड्या ताशावर टेकलेल्या, गालफडं फुगवून सनईवाला बसलेला, आणि शेवटच्या सावधानला मामांचं उपरणं वर गेलं की मगच पहिला ठोका. मधल्या कुठल्या अष्टकाला कुणी वाजवायला गेलं की मामा असे डोळे वटारायचे की पुन्हा म्हणून हिंमत होणार नाही. त्यांच्याही आधीच्या पिढीत घटिकापात्र असायचं असं आजी सांगायची, भोक पाडलेली तांब्याची लहान वाटी घंगाळातल्या पाण्यात सोडायची, ती भरून बुडायला एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं, आणि एक माणूस दुसरं काही न करता फक्त त्या वाटीकडे बघत बसलेला. वाटी बुडाल्याशिवाय गुरुजी पुढे जायचे नाहीत आणि गुरुजींशिवाय वाजंत्री.

वाटी, गुरुजी, उपरणं, ताशा. नजरेची अशी एक साखळी होती.

चेन्नईला एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते तिथेही हेच पाहिलं. तिथे मंगळसूत्र बांधायच्या वेळी मोठी माणसं हात उंच करून बोट हलवतात, केट्टी मेळम म्हणून ओरडतात, आणि तविल हा ढोल आणि नादस्वरम ही लांब सनई एकदम असे कडाडतात की छातीत घुमतं. त्या क्षणी कुणाची शिंक, कुणाचा वाकडा शब्द, काहीही अशुभ वधूवरांच्या कानावर पडू नये म्हणून तो गजर. एवढा मोठा आवाज, पण कुणाला तो आगाऊ वाटत नाही, कारण तो बोटाच्या इशाऱ्यावर येतो आणि गाठी बसल्या की ओसरतो. तेलुगू लग्नात आपल्यासारखाच पडदा धरतात आणि मुहूर्ताला दोघं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाचा गोळा ठेवतात. बंगाल्यांत नवरी विड्याच्या पानांनी चेहरा झाकून येते आणि मग पानं बाजूला करून बघते. कुठे जा, झाकणं आणि उघडणं आहेच, आणि ते कुणाच्या तरी इशाऱ्याने आहे. आवाज किती मोठा किंवा उजेड किती लख्ख याने मला फरक पडत नाही हे तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, तो कुणाचं ऐकून होतो याने पडतो.

हे सगळं पुन्हा वर आलं कारण आता माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, हौशी, रीलं बघून बघून तिने एक फोल्डरच करून ठेवलंय, ढगातून चालत येणारी नवरी, फेऱ्यांच्या भोवती उडणारी कारंजी, मंगळसूत्राच्या वेळी वरून पडणारी सोनेरी चमकी. मला दाखवत होती, "मावशी, हे बघ ना कसलं भारी दिसतंय." दिसतं भारी, मी नाही म्हणाले नाही. पण मग इव्हेंटवाल्यांशी मीटिंग होती तिला मीही गेले आणि प्रत्येक गोष्ट कशी चालते ते नीट विचारून घेतलं, कारण नुसतं नको नको म्हणणाऱ्या मावशीचं कोण ऐकतं.

ढग म्हणजे ड्राय आइस. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशाचा, तो गरम पाण्यात सोडला की हवेतल्या बाष्पाचा दाट पांढरा थर होतो आणि जमिनीलगत पसरतो. पसरतो कारण तो वायू हवेपेक्षा दीडपट जड. आता एक किलो ड्राय आइसमधून ५०० लिटरच्या आसपास वायू निघतो, आणि आपल्या लग्नात जमिनीलगत कोण असतं? पाटावर बसलेली नवरानवरी, गुरुजी, मांडीवर बाळ घेतलेली करवली, स्टेजच्या कडेला पाय सोडून बसलेली पोरं. उघड्या लॉनवर मिनिटभराची एंट्री असेल तर वाऱ्याने निघून जातं सगळं, पण दारं लावलेल्या एसी हॉलमध्ये विधी चालू असताना तो थर सोडणं म्हणजे खाली बसलेल्यांची हवाच काढून घेणं. मी हे बोलले तर इव्हेंटवाल्या बाईंनी लगेच मान्य केलं, म्हणाल्या आम्हीही सांगतो पण लोक ऐकत नाहीत. दुसरं ते साधं फॉग मशीन, ग्लायकोलचं पाणी तापवून धूर करतं, त्याचा गोडसर वास येतो, आणि तो वास होमाच्या वासावर बसतो. तूप, समिधा, लाह्या यांचा तो वास, लाजाहोमाला नवरीच्या ओंजळीत भाऊ लाह्या घालतो तेव्हाचा, तो मला माझ्या स्वतःच्या लग्नातलाही नाकात आहे अजून. त्यावर हा मशीनचा वास कशाला.

कोल्ड पायरोच्या नावात कोल्ड आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. टायटॅनियम आणि झिरकोनियमसारख्या धातूंचे बारीक कण तापवून पंख्याने वर फेकायचे, ते हवेत चमकतात आणि कण इतके लहान की खाली येईपर्यंत निवतात, म्हणून कोल्ड. कारंजं दोन ते पाच मीटर उडतं. पण मशीनच्या तोंडाशी ते गरमच असतं, आणि शेजारी नेटचा पडदा, कापडी फुलं, पॉलिस्टरची ओढणी असेल तर पेट घेऊ शकतं. त्या पुडीने पेट घेतला तर पाणी मारायचं नसतं, कोरडी वाळू लागते, हे त्या मीटिंगमध्ये मी विचारेपर्यंत कुणी बोललं नव्हतं. घोडा असेल तर वेगळाच प्रश्न, त्या जनावराला कोल्ड-बिल्ड कळत नाही, ते बुजतं आणि पाठीवर नवरदेव असतो.

सोनेरी चमकीचं मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं. आमचे गुरुजी फोनवर सांगत होते, एका लग्नात लाजाहोम चालू असताना वरून चमकी सोडली, ती तुपाच्या वाटीत पडली, अक्षतांच्या ताटात पडली आणि होमकुंडात पडली. प्लॅस्टिकच ते, चुरचुर आवाज करून आकसलं आणि काळा धूर आला. त्यांनी हातातली पळी बाजूला ठेवली, चिमट्याने एकेक तुकडा वेचून काढला आणि मग पुढचा मंत्र म्हटला. सांगताना आवाजात राग नव्हता त्यांच्या, थकवा होता. म्हणाले, "मला धुराचं वावडं नाही हो, माझ्या होमाचाही धूरच असतो. फक्त संकल्प झाल्यापासून सप्तपदी होईपर्यंत माझ्या आणि वधूवरांच्या मध्ये काही आणू नका, आणि अग्नीत मी घालीन तेवढंच पडू दे." आणखी एक म्हणाले ते मला फार पटलं, फोटो नीट आला नाही म्हणून मंगळसूत्र परत बांधायला सांगतात, ते मी करत नाही, एकदा बांधलेलं मंगळसूत्र सोडवायचं कसं.

उजेडाचंही तसंच. एका रिसेप्शनमध्ये नाही, ऐन लग्नात, मी निळ्या एलईडीखाली नवरीला पाहिलंय आणि तिचं कुंकू काळं दिसत होतं. हळद लावलेले हात हिरवट, मळकट. निळ्या प्रकाशात लाल रंग काळाच दिसणार, त्यात कुंकवाचा दोष नाही, पण कपाळावर काळं कुंकू घेऊन बसलेली पोर बघून माझ्या पोटात कालवलं आणि शेजारच्या दोन बायकांनीही तोंडाला पदर लावला. मागच्या मोठ्या स्क्रीनवर समुद्राच्या लाटा चालू होत्या, का कोण जाणे. म्हणून मी भाचीला म्हटलं, विधी चालू असेपर्यंत एकच उजेड, पिवळसर, स्थिर, गोल फिरणारे आणि लुकलुकणारे दिवे बंद. फिट येणारं एखादं माणूस पाहुण्यांत असलं तर लुकलुकत्या दिव्यांचा त्रास होतो तो वेगळाच.

पण हेच तंत्र विधीच्या बाजूने उभं राहिलं की काय सुंदर होतं तेही मी पाहिलंय. एका मोठ्या हॉलमधल्या लग्नात शेवटचं अष्टक सुरू झालं तसा मांडवावरचा पिवळा उजेड हळूहळू वाढत गेला आणि बाकी हॉलचा कमी. कुणी काही घोषणा केली नाही, पण पार मागे गप्पा मारत बसलेली माणसंसुद्धा आपोआप उभी राहिली, अक्षता हातात घेतल्या. सावधान झालं, अंतरपाट सरला, आणि तेव्हा वरून झेंडूच्या आणि गुलाबाच्या खऱ्या पाकळ्या पडल्या, अक्षतांच्या बरोबर, जमिनीवर दोन्ही मिसळून गेलं. त्यांचा माणूस गुरुजींच्या शेजारीच बसला होता, मांडी घालून, डोक्यावर टोपी, आणि गुरुजींनी मान हलवल्यावर त्याने बटण दाबलं. मला एकदम मामांचं उपरणं आठवलं.

त्याच लग्नात सप्तपदी मोठ्या स्क्रीनवर दाखवली. कॅमेरा खाली, पाटाच्या उंचीवर, तांदळाच्या सात लहान राशी, त्यावर सुपाऱ्या, आणि नवरीचा मेंदी लावलेला उजवा पाय एकेक रास ओलांडत जाणारा. इतकी लग्नं पाहिली पण पाऊल असं टेकताना मी पहिल्यांदा पाहिलं, कारण एरवी सप्तपदीला स्टेजवर घरची दहा माणसं कोंडाळं करून उभी असतात आणि बाकी सगळे जेवायला गेलेले. खरं तर लग्न लागतं ते तिथे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम आहे, ज्यांच्या विधीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडल्यावर पूर्ण होतं. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये एका निकालात लिहिलंच की लग्न म्हणजे नाचगाणी आणि खाणंपिणं नव्हे, तो गांभीर्याने करायचा संस्कार आहे. मला वाटतं आपण खर्च आणि धूर सगळा हारांवर ओततो आणि सातव्या पावलाला एक दिवासुद्धा देत नाही.

भाचीला हे सांगितलं तर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "पण मावशी, मला ती एंट्री हवीये. मी लहानपणापासून तेच डोळ्यासमोर आणलंय." आणि मला तिचा राग आला नाही, उलट पोटात तुटलं. लग्न तिचं आहे, ते वय पुन्हा येत नाही, आणि आपण मोठ्यांनी स्वतःच्या आठवणींचं ओझं तिच्या डोक्यावर किती ठेवायचं? तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरी तर पायरो हवेतच, त्याच्या वडिलांनी आयुष्यभर टेम्पो चालवून दोन मुलींची लग्नं साधीच केली, हे शेवटचं कार्य आणि गावाने बघावं असं त्यांना वाटतं. ते व्याही माझ्याशी बोलताना एवढंच म्हणाले, "ताई, आमच्या दारात बी एकदा उजेड पडू द्या." यावर मी काय बोलणार. हौस हीसुद्धा आदराचीच गोष्ट आहे, ती कमी लेखून विधीचा मान वाढत नाही.

मग आम्ही तिघी बसलो, मी, बहीण आणि भाची, वहीत एकेक विधी लिहून काढला. वरात आली की दारात पायरो, घोडा लांब नेऊन बांधल्यावर. भाचीची ढगातली एंट्री गौरीहर पुजून ती मांडवाकडे निघते तेव्हा, लॉनवर, उघड्यावर, आणि धूर पूर्ण विरल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही. अष्टकांना एकही मशीन नाही, शेवटच्या सावधानला फक्त पाकळ्या. कन्यादान ते सप्तपदी स्थिर पिवळा उजेड आणि सप्तपदी स्क्रीनवर. सूनमुख आरशातच बघतात तर त्याला वेगळं काही लागत नाही. आणि झालीच्या वेळी बहिणीलाच सुचलं, की टोपलीतले कणकेचे दिवे वरपक्षाच्या डोक्यावर धरतात तेव्हा लॉनवरचे सगळे दिवे दोन मिनिटं बंद करायचे. भाची ओरडलीच, "अय्या, हे तर माझ्या फोल्डरमध्ये पण नाही!" झाल हा तसा रडवणारा प्रसंग, आमची मुलगी सांभाळा म्हणून सांगायचं असतं, आणि आजवर तो नेहमी ट्यूबलाइटच्या भगभगीत उजेडात, सामान बांधायच्या गडबडीत उरकलेला मी पाहिलाय. कणकेच्या दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर पडलेला कुणी पाहिलाय तरी का?

इव्हेंटवाल्या बाईंना ती वही दिली. त्यांनी एकच अडचण सांगितली, बटण दाबणारा त्यांच्याकडचा मुलगा गुरुजींशेजारी मांडवात बसला तर फोटोत येईल. मी म्हटलं येऊ दे, धोतर नेसवू, उपरणं देऊ, आमच्यातलाच दिसेल. गुरुजींनी आदल्या दिवशी त्याला अर्धा तास द्यायचं कबूल केलंय, कुठल्या शब्दानंतर मान हलवणार ते दाखवतील. आणि अष्टकं किती होणार याची यादी करायला घेतलीये, आत्तापर्यंत सात नावं आली आहेत, भाचीच्या आत्तेसासूबाईंचं नक्की व्हायचंय.